छोट्या खेळण्यांचे घरच्या घरी फोटो : लेन्स घ्यावी, दिवे घ्यावेत, की आणखी काही?

तिसरा_मजला

बेस्टच्या जुन्या, साध्या दुमजली बसगाड्यांतली शेवटची बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. त्या संध्याकाळी वडिलांनी माळ्यावरच्या ट्रंकेतून त्यांच्या लहानपणची पत्र्याची लाल दुमजली बस काढली आणि टीव्हीशेजारी ठेवली. ती अकरा सेंटिमीटर लांब आहे, एका चाकाचा टायर गेलेला आहे आणि छपरावरचा रंग दोन ठिकाणी उडाला आहे. तिचा असा एक फोटो काढावा, की क्षणभर खरीच बस उभी आहे असे वाटावे, हे तेव्हापासून मनात होते. पावसामुळे गेले तीन रविवार घरातच गेल्याने अखेर या कामाला हात घातला आहे.

परिस्थिती अशी आहे : परळमध्ये तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, उत्तरेला एक खिडकी, भिंतीवर उंच बसवलेली एक ट्यूबलाइट आणि अभ्यासाचा एक एलईडी दिवा. कॅमेरा एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा (प्रतिमा टिपणाऱ्या चकतीचा) असून त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स आहे. आतापर्यंत साठेक फोटो काढले आणि प्रत्येकात तीच तीन दुखणी आहेत. छपरावर पांढरा पट्टा येतो. पुढचे दिवे स्पष्ट आले तर मागचा जिना धूसर होतो. आणि काहीही केले तरी ती टेबलावर ठेवलेली खेळण्यातली बसच दिसते. दुकानदाराने मॅक्रो लेन्स सुचवली. किंमत ऐकून मी आभार मानले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरलो. जाणकारांनी मार्ग दाखवावा. बसच्या मागे दिवाळीच्या किल्ल्यावरचे चार मातीचे मावळेही रांगेत उभे आहेत.

रिकामटेकडा

फोटो काढताना पंखा बंद केला होता का, एवढेच आधी सांगा.

तिसरा_मजला

जुलै महिन्यात परळमध्ये पंखा बंद करून बसावे, इतकी माझी या छंदावर अजून निष्ठा जडलेली नाही.

भिंगवाले_काका

लेन्स घेऊ नका, निदान बससाठी तरी नको. मॅक्रोचा काटेकोर अर्थ असा, की वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडली पाहिजे, म्हणजे प्रमाण एकास एक हवे. तुमचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असणार. एकास एक प्रमाणात चौकटीत साडेतेवीस मिलिमीटरच मावतील, म्हणजे बसच्या जेमतेम दोन खिडक्या. अख्खी बस बसवायला एक पंचमांश प्रमाण पुरते, आणि सोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सा ५५ वर ठेवून जवळात जवळ नेल्या, तर बहुतेक पाव ते एक तृतीयांशापर्यंत जातात. सात सेंटिमीटरची मोटारगाडीसुद्धा त्यात चौकट भरते. म्हणजे तुमच्याकडे जे आहे ते पुरून उरेल.

मावळ्याच्या नुसत्या चेहऱ्यासाठी मात्र ही लेन्स अपुरी पडेल. तेव्हा जुनी ५० मिलिमीटरची लेन्स मिळवून तिच्यामागे एक्स्टेन्शन ट्यूब लावा. ही नुसती पोकळ नळकांडी असते, आत काच नसते. नळकांड्याच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागले की प्रमाण किती वाढेल ते कळते : ३६ मिलिमीटरचे नळकांडे ५० च्या लेन्सला लावले, तर प्रमाणात सुमारे ०.७ ची भर पडते. बोरा बाजाराकडच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत चौकशी करा, पण विजेचे संपर्कबिंदू असलेलेच नळकांडे घ्या. नाहीतर आजकालच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारे छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलताच येत नाही.

मी स्वतः हौसेने १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली होती. पहिल्या महिन्यात घरातली सगळी नाणी, बटणे आणि मोहरीचे दाणे टिपून झाले. त्यानंतर ती कपाटात कपड्यांमागे राहिली आणि दुसऱ्या पावसाळ्यात बाहेर काढली, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. निदान डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली असती, तर वाचली असती.

काजवा

काकांशी सहमत. पैसे लेन्सवर नकोत आणि दिव्यांवरही फारसे नकोत, कारण तुमचे पहिले दुखणे उजेड कमी असल्याचे नाहीच. छपरावरचा तो पांढरा पट्टा म्हणजे ट्यूबलाइटचा फोटो आहे. चकचकीत रंगाचे छप्पर हा आरसा आहे आणि आरसा समोरचे दाखवणारच. त्याला काय दिसू द्यायचे ते तुम्ही ठरवायचे.

माझी मांडणी सांगते. स्टीलचे दोन उंच पेले खेळण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे, त्यांवर लाकडी फूटपट्टी आडवी टाकायची आणि पट्टीवरून ए-फोर आकाराचा बटर पेपर असा सोडायचा, की तो खेळण्याच्या डोक्यावरून मागच्या बाजूला उतरेल. दिवा कागदाच्या वर वीतभर उंचीवर धरायचा. पांढरा डाग कागदावर पसरत जातो ते डोळ्यांनी दिसते. तो कागदभर झाला की हात थांबवायचा. उजेड मऊ असणे हे दिव्याच्या किमतीवर नव्हे, तर वस्तूच्या मानाने तो किती मोठा दिसतो यावर ठरते. माणसाच्या फोटोला दारभर आकाराचा पडदा लागतो. अकरा सेंटिमीटरच्या बसला एक कागद म्हणजे लग्नाचा मांडव झाला. छोट्या वस्तूंचे फोटो स्वस्तात होतात ते यामुळेच.

दिवा उघडा वापरणार असाल, तर अंतर सांभाळा. बसच्या तोंडापासून वीस सेंटिमीटरवर दिवा ठेवला, तर तिची शेपटी एकतीस सेंटिमीटरवर जाते आणि तिथे तोंडाच्या मानाने निम्म्याहून कमी उजेड पोहोचतो. तोच दिवा एक मीटर लांब नेला, तर फरक जेमतेम पाचव्या हिश्श्याचा उरतो.

रिकामटेकडा

घरातला बटर पेपर कोणी नानकटाईसाठी आणून ठेवलेला नाही ना, याची आधी चौकशी करावी. मी केली नव्हती.

उन्हातला_माणूस

काजवा यांच्या मांडणीचा आदर राखूनही मला पूर्ण विरोध नोंदवायचा आहे. मांडवाखाली ठेवलेली बस सुरेख दिसेल, पण ती दुकानाच्या काचेमागची दिसेल. मूळ प्रश्न खरी बस वाटावी असा आहे. खरी बस उन्हात उभी राहते आणि सूर्य मऊ नसतो.

आकाशात सूर्याची तबकडी साधारण अर्ध्या अंशाची दिसते. घरात तेवढेच दिसणारे काही हवे असेल, तर एक सेंटिमीटर तोंडाची बॅटरी सव्वा मीटरपासून थोडी अलीकडे धरावी. तिची सावली उन्हाच्या सावलीसारखीच काठांना धारदार पडते. मी मोबाइलचा फ्लॅश-दिवा वापरतो, त्यावर जिलेटिनचा पिवळा कागद दुमडून लावतो आणि दिवा कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवतो, म्हणजे दुपारचे साडेचार वाजतात. उजेड तिरपा आणि एकाच बाजूने हवा. दुसऱ्या बाजूला सावली पडली की बिचकून लगेच दुसरा दिवा लावणारे लोक मला कधी कळले नाहीत. सूर्य एकच आहे. सावलीत तपशील हवाच असेल, तर वहीचे पांढरे पान उभे करा. आणि लेन्सभोवती लावायचा गोल दिवा कोणी सुचवणार असेल, तर आधीच सांगतो : त्याने बस पासपोर्टच्या फोटोसारखी सपाट दिसते.

काजवा

उन्हातल्या माणसाने उन्हाचे सांगावे हे योग्यच आहे, पण चकचकीत पत्र्याचे काय? तुमच्या बॅटरीने छपरावर जळका ठिपका येईल.

उन्हातला_माणूस

येऊ द्यावा. खऱ्या बसच्या छपरावरही उन्हाचा ठिपका चमकतो, फक्त ट्यूबलाइटच्या आकाराचा पट्टा चमकत नाही. पाहणाऱ्याचा डोळा ठिपका खपवून घेतो, पट्ट्याला मात्र लगेच 'घर' म्हणून ओळखतो.

काजवा

हे मान्य. मग माझेही एक मान्य करा, की जुलैत मुंबईत सूर्य असतोच कुठे? ढगाळ आकाश म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ताणलेला बटर पेपरच असतो. पावसातली बस दाखवायची असेल, तर माझा मांडव आणि मे महिन्यातली दाखवायची असेल, तर तुमची बॅटरी. मावळ्यांना मात्र निःसंशय बॅटरीच लावावी. मातीला चकाकी नसते, त्यामुळे कुंभाराने साच्यातून काढताना राहिलेले दाढी-मिशांचे उठाव तिरप्या उजेडातच दिसतात.

सावंतवाडीकर

चकाकीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी यांच्यावर रंगाची झिलई इतकी असते, की फोटोत फळाबरोबर फोटो काढणाराही येतो. अनेक वर्षे आंब्याच्या पोटावर माझा निळा शर्ट येत असे. आता मी काळा शर्ट घालून बसतो.

उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे शाळेतले वाक्य इथे अक्षरशः उपयोगी पडते. कॅमेऱ्याच्या जागी डोळा ठेवावा, एक हात खेळण्याभोवती हळूहळू फिरवावा आणि चकाकीत बोटे दिसली की थांबावे. तिथे पांढरा कागद धरला तर चकाकी सलग पांढरी होते आणि काळा कागद धरला तर नाहीशी होते. मी तिथे काळ्या कार्डशीटची दोन बोटे रुंद पट्टी ठेवतो, त्यामुळे गोल फळाच्या कडेला एक गडद रेघ येते आणि ते पार्श्वभूमीपासून सुटे दिसते. लेन्सपुढे लावायच्या, चकाकी गाळणाऱ्या पोलरायझर फिल्टरचाही उपयोग होतो, पण रंग, झिलई आणि प्लास्टिक यांच्याच चकाकीवर. रंग उडालेल्या उघड्या पत्र्यापुढे त्याचे काही चालत नाही. तुमच्या छपरावरचे ते दोन डाग त्यामुळे तसेच चमकत राहतील, आणि मला विचाराल तर ते राहावेत.

दोन_मुलांची_आई

माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइल आहे. मॅक्रो मोड लावून खेळण्याजवळ नेला की मोबाइलचीच सावली खेळण्यावर पडते आणि गाडीचे नाक भोपळ्याएवढे दिसते. मी या धाग्यावर प्रश्न विचारण्यास पात्र आहे का?

भिंगवाले_काका

पात्रच काय, एका बाबतीत तुम्ही आमच्या पुढे आहात. मोबाइलचा सेन्सर छोटा असल्याने तुम्हाला मागेपुढे स्पष्ट दिसणारी खोली आपोआप जास्त मिळते. बहुतेक महागड्या मोबाइलांत मॅक्रो मोड म्हणजे सर्वांत रुंद दिसणारी लेन्स दोन-तीन सेंटिमीटरवर नेणे, आणि इतक्या जवळून नाक मोठे दिसणारच. आपण एखाद्याच्या तोंडाजवळ तोंड नेले तर त्याचेही दिसते. तो मोड बंद करा. मुख्य लेन्स किंवा दुप्पट जवळ आणणारी लेन्स निवडा, वीत-दीड वीत मागे सरका आणि नंतर फोटो कापून घ्या. मोबाइल डब्याला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

लोकलशेजारी

तिसरा_मजला यांच्या दुसऱ्या दुखण्याकडे अजून कोणी वळलेले नाही. प्रमाण एक पंचमांश आणि अ‍ॅपर्चर एफ ८ (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) असेल, तर तुमच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे एक सेंटिमीटर मिळते. एफ ११ वर सव्वा. बस तिरकी उभी केली, तर तिची खोली सात-आठ सेंटिमीटर भरणार. एकास एकवर तर एफ ११ लाही एक मिलिमीटर पुरा मिळत नाही, म्हणजे मावळ्याच्या नाकाचा शेंडा स्पष्ट आला, तर गाल जातो. एफ २२ करून पाहाल, पण तेव्हा विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळाच फोटो थोडा मऊ पडतो.

उपाय दोन आहेत. पहिला फुकटचा : दुप्पट मागे जा आणि चौकटीचा मधला अर्धा भाग ठेवा. स्पष्ट खोली जवळजवळ दुप्पट होते. २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात, पण पडद्यावर पाहायला तेवढे पुष्कळ झाले. दुसरा म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा हलवायचा नाही, फोकस पुढून मागे थोडाथोडा सरकवत दहा-बारा फोटो काढायचे आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग एकत्र जोडायचा. त्यासाठीचे हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर हे प्रोग्रॅम विकतचे आहेत; हगिन या फुकट प्रोग्रॅमसोबत फुकट मिळणाऱ्या अवजारांनीही काम होते, पण चिकाटी हवी.

आता माझी रडकथा. माझी इमारत रुळांना लागून आहे. एका रात्री मी खेळण्यातल्या आगगाडीच्या इंजिनाचे, एक-एक सेकंदाच्या एक्स्पोजरने, चौदा फोटो काढले. जोडल्यावर इंजिनाला तीन धुरांडी दिसू लागली. कारण शोधण्यात दोन दिवस गेले. सहावा आणि अकरावा फोटो काढताना खालून जलद लोकल गेली होती आणि टेबल केसभर सरकले होते. इतक्या जवळून केसभर म्हणजे वीतभर. आता मी रात्री दीडनंतरच स्टॅकिंग करतो आणि टेबलाऐवजी फरशीवर करतो.

म्हणून रिकामटेकडा यांचा पहिला प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पंख्याने कागदाचा मांडव हलतो, मागची पार्श्वभूमी हलते आणि दोन फोटोंच्या मध्ये धूळ येऊन बसते ती वेगळीच.

रिकामटेकडा

या संकेतस्थळावर मला गांभीर्याने घेतले गेल्याची ही पहिलीच नोंद आहे.

उन्हातला_माणूस

आणखी एक. कोणताही दिवा लावण्याआधी ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, एलईडी पिवळसर, ट्यूब हिरवट. मग व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळवणी) कशाशी जुळवणार? शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात. शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश ठेवले की ते जातात.

रव्याचा_लाडू

आता तिसरे दुखणे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 'टेबलावरची बस' वाटते, कारण तुम्ही तिच्याकडे माणसासारखे वरून पाहता. खरी दुमजली बस साडेनऊ मीटर धरली, तर तुमचे खेळणे तिच्या सुमारे एक पंच्याऐंशींश आहे. मग बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर येतो. लेन्सचा मध्यही तिथेच हवा. टेबलावर टेकवलेली लेन्ससुद्धा तीन-साडेतीन सेंटिमीटर उंच राहते, म्हणून कॅमेरा खाली नेण्याऐवजी बस वर घ्या. मी जेवणाचा पाट वापरतो. खेळणे पाटाच्या काठाशी आणि कॅमेरा फरशीवर पुस्तकांच्या थरावर. एक-एक पुस्तक काढत उंची जुळवायची.

धूसरपणाचेही तेच. खऱ्या मोठ्या वस्तूचा दुरून फोटो काढला, तर पुढचे-मागचे बरेचसे स्पष्ट असते. मागचे सगळे विरघळले की मेंदू म्हणतो, हे छोटे आहे. गच्चीवरून काढलेल्या खऱ्या रस्त्याच्या फोटोत वरची आणि खालची पट्टी मुद्दाम धूसर करून शहराचे खेळणे करणारे लोक हीच युक्ती उलटी वापरतात.

रस्त्यासाठी काळ्या रांगोळीत थोडी पांढरी मिसळावी. डांबराचा रंग येतो आणि कण पुरेसे बारीक असतात. खडीसाठी भाजलेला रवा. कंपाउंडच्या भिंतीवरचे शेवाळ सध्या फुकट आहे, मावळ्यांच्या किल्ल्याला त्यासारखी झाडी नाही. पावसाचे थेंब साध्या पाण्याने काढू नका, ते खिडकीएवढे दिसतात आणि ओघळतात. पाण्यात ग्लिसरीन मिसळून टूथब्रशने शिंतडा. रवा मात्र काम झाल्याबरोबर आवरावा. एकदा मी मांडणी तशीच ठेवून जेवायला गेलो आणि परत येऊन, न पाहताच, उरलेले फोटो काढले. चौथ्या फोटोत दुकानांच्या रांगेमागून हत्तीएवढी मुंगी डोकावत होती.

सावंतवाडीकर

तो फोटो इथे द्यावा, ही विनंती.

रव्याचा_लाडू

तो स्पष्ट आलेला नाही. मुंगीसाठी स्टॅकिंग करता येत नाही.

तिसरा_मजला

सर्वांचे आभार. शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी प्रयोग केले, त्याचा वृत्तान्त देतो.

ट्यूबलाइट बंद. पंखा बंद (रिकामटेकडा यांनी नोंद घ्यावी, बनियन दोनदा बदलावे लागले). पाटावर रांगोळीचा रस्ता, मागे दीड हातावर जुन्या दिनदर्शिकेची कोरी राखाडी बाजू. आधी मांडव करून पाहिला. छपरावरचा पट्टा गेला आणि जागी एक सलग, दुधी पट्टी आली, पण उन्हातला_माणूस म्हणाले तसेच झाले, बस विकायला ठेवल्यासारखी दिसू लागली. मग मांडवाचा कागद मागे सरकवून नुसते आकाश ठेवले, दिवा मंद केला आणि मोबाइलची बॅटरी पिवळ्या जिलेटिनसह डावीकडून कपाटाच्या फळीवरून दिली. त्या क्षणी खिडक्यांच्या चौकटींच्या सावल्या खालच्या मजल्याच्या आत, बाकांवर तिरप्या पडल्या. पत्र्याच्या या बसमध्ये बाक आहेत हेच मला आजवर माहीत नव्हते.

टायर नसलेले चाक रांगोळीत किंचित रुतवले. अकरा फोटो एफ ८ वर काढून जोडले. मागच्या जिन्याचा दांडा अजून थोडा दुहेरी दिसतो, बहुधा चौथ्या फोटोनंतर माझाच गुडघा पाटाला लागला. सर्वांत जास्त वेळ धुळीने खाल्ला. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या छपरावर फोटोत कापसाचे तंतू दोरखंडांसारखे पडले होते. रबरी फुग्याने हवा मारली, मऊ कुंचल्याने झटकले, तरी सात उरले. ते संगणकावर पुसले. रंग उडालेले दोन डाग तसेच ठेवले आहेत.

वडिलांनी फोटो पाहिला. त्यांचे म्हणणे असे, की सगळे ठीक आहे, पण बस थांब्यापासून फार लांब उभी केली आहे, कंडक्टर ओरडेल.

आता एक नवा प्रश्न. वरच्या मजल्यावर रात्रीचे दिवे लागलेले दाखवायचे असतील, तर पत्र्याला भोक न पाडता ते कसे साधावे?

काजवा

मागच्या खिडकीतून. दिवाळीच्या माळेतला एकच बारीक तांब्याच्या तारेचा दिवा आत सरकवा आणि त्याच्यावर बटर पेपरचा नखाएवढा तुकडा गुंडाळा, नाहीतर दिव्याचा ठिपका थेट दिसेल. हा फोटो वेगळा, जास्त वेळाच्या एक्स्पोजरने काढा आणि नंतर जोडा. तार काळ्या मार्करने रंगवायला विसरू नका.

लोकलशेजारी

आणि रात्री दीडनंतर काढा. परळला पण रूळ आहेत.